चारचाकी खोलीचा कार्ब्युरेटर

आमच्या गाडीला 'अचल वस्तू' म्हटलं नसतं, तर मी या भानगडीत पडलोच नसतो. खटारा म्हणा, डबडं म्हणा, भंगार म्हणा. ही विशेषणं आमच्या घरात रोजच्या वापरातली आहेत आणि त्यातली निम्मी आमच्या हिने शोधून काढलेली आहेत. पण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, खुद्द सेक्रेटरींच्या सहीनिशी, 'जिन्याशेजारील अचल वस्तू' अशी यादी लागली. पहिली एक मोडकी शिडी, दुसरी गळकी टाकी आणि तिसरी आमची गाडी. शिडीच्या आणि टाकीच्या रांगेत आपली गाडी उभी केलेली पाहून कुठल्याही माणसाचं रक्त उसळेल. माझंही उसळलं. मी विमा कंपनीत क्लेम विभागात कारकून असल्यामुळे ते फार वर जात नाही, पण उसळलं.

नोटिशीत पुढे असं होतं की महिनाअखेरच्या रविवारी जी गाडी स्वतःच्या बळावर गेटपर्यंत जाऊन परत येणार नाही, ती भंगारवाल्याच्या हवाली केली जाईल. या 'स्वतःच्या बळावर'वर कमिटीत बरीच चर्चा झाली म्हणे. ढकलली तर चालेल का, उताराचा फायदा घेतला तर तो बळात धरायचा का, येताना रिव्हर्स आली तर तिला परत आली म्हणायचं का, असे मुद्दे निघाले. शेवटी ठराव झाला की धूर निघाला पाहिजे. हा ठराव पुढे सेक्रेटरींच्याच अंगावर आला, पण ते नंतर सांगतो.

आता खरं सांगायचं तर ती गाडी चालत नव्हती हे मला मान्य आहे. पण ती रिकामी नव्हती. तिच्यात माझे बाबा राहत होते. म्हणजे जेवायला आणि झोपायला वर, आमच्यात. पण एरवी खाली, गाडीत. आमचं घर दोन खोल्यांचं. लेक कॉलेजात गेली, तिला अभ्यासाला जागा हवी झाली, तेव्हा बाबांनी कुणी काही म्हणायच्या आत आपली गादी उचलून बैठकीत आणली. दुसऱ्या दिवशी ते पेपर आणि उशी घेऊन गाडीत जाऊन बसले, ते बसलेच. हळूहळू तिथे एक छोटा पंखा आला, कप्प्यात चष्मा आला, मागच्या काचेपाशी जुने अंक आले. बाबा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे, त्यामुळे रोजचा पेपर ते तांबडी पेन्सिल घेऊनच वाचतात आणि चुका दुरुस्त करतात. शेजारच्या सीटवर कंपाउंडरकाका येऊन बसतात. तेही निवृत्त. कुणी वर येऊन "बाबा कुठायत?" असं विचारलं, तर लेक सहज सांगते, "त्यांच्या खोलीत आहेत, खाली."

बाबांनी ती नोटीसही वाचली, आणि सवयीने तांबड्या पेन्सिलीने तीन ठिकाणी दुरुस्त करून सेक्रेटरींना परत पाठवली. सेक्रेटरी एरवी मऊ माणूस. पण त्या तीन गोलांनी त्यांची पार सटकली. "रविवार म्हणजे रविवार," ते मला जिन्यात म्हणाले. "वयाचा मान ठेवतो, पण गाडीच्या वयाचा नाही."

मी घरात जाहीर केलं, "गाडी चालू करणार."

"कोण?" हिने विचारलं. तिच्या एका अक्षरात किती अविश्वास मावतो याची कल्पना लग्न झालेल्या माणसालाच येईल.

आधी मी रीतसर मेकॅनिकला बोलावलं. तो चकचकीत गणवेशात, हातात पाटीएवढा संगणक घेऊन आला. गाडीभोवती दोनदा फिरला, वाकून पेडलच्या वर बघितलं, मग मला विचारलं, "वायर कुठे लावू?"

"कसली वायर?"

"संगणकाची. गाडीने सांगायला पाहिजे ना, तिला काय होतंय ते."

"ती सांगत नाही हो. जुनी आहे. कार्ब्युरेटर आहे तिला."

त्याने माझ्याकडे अशा सहानुभूतीने पाहिलं की जणू मी घरात कुणाला देवी निघाल्याचं सांगितलं. "माझ्या वडिलांना येत होतं ते," तो म्हणाला आणि निघून गेला. तेव्हा मी ठरवलं, की ज्या अर्थी मेकॅनिकच्या वडिलांना येत होतं, त्या अर्थी माझ्या वडिलांच्या मुलाला यायला हरकत नाही. या तर्कात काहीतरी खोट आहे हे मला नंतर कळलं.

कार्ब्युरेटर बाहेर काढणं सोपं आहे. तो निघेपर्यंत जे काही तुटतं, वाकतं आणि खाली गटारात पडतं, ते सोडलं तर काहीच अवघड नाही. मी त्याला जुन्या चादरीत गुंडाळून वर आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. काळाकुट्ट, चिकट, मुठीएवढा गोळा. आत हवा आणि पेट्रोल यांचं लग्न लावायचं एवढंच त्याचं काम. पण बरीच वर्षं बिनकामाचा बसल्यामुळे आतलं पेट्रोल वाळून गोंद झालं होतं. मी त्याला रॉकेलच्या पातेल्यात भिजत घातला. ते पातेलं दुधाचं निघालं. पुढचे कित्येक दिवस आमच्या चहाला जो वास येत होता, त्याबद्दल घरात बोलायचं नाही असा अलिखित करार झाला, आणि तो फक्त मी पाळला.

बातमी अर्थातच फुटली. दार उघडं ठेवावं लागे, कारण वास. आणि दार उघडं म्हणजे सल्ले. समोरचे दाताचे डॉक्टर आले, तोंड उघडायला सांगावं तसं त्यांनी मला झाकण उघडायला लावलं आणि आत बॅटरी मारून म्हणाले, "कीड खोल गेली आहे." वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर आले. त्यांचं म्हणणं गाडीचं तोंड चुकीच्या दिशेला आहे, वारा लागत नाही. कंपाउंडरकाकांनी मात्र सगळे सुटे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये खणाखणात मांडून दिले. "औषधं अशीच ठेवावी लागतात. एक खण रिकामा दिसला की समजावं, कुणीतरी काहीतरी नेलं," ते म्हणाले.

खरे रंगले ते बाबा. मला वाटलं होतं, ते लांबून बघतील. पण ते खालून वर आले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मुद्रित तपासावं तसा एकेक भाग डोळ्यांजवळ धरून बघू लागले. आत एक पितळी तरंगता गोळा असतो. पेट्रोल वर आलं की तो वर येतो आणि पेट्रोल यायचा रस्ता बंद करतो. बाबांनी तो कानाशी नेला. मग थांबले. बाबांना कमी ऐकू येतं. त्यांचं कानाचं यंत्र असतं, पण ते कानात नसतं. छोट्याशा डबीत असतं आणि डबी सदऱ्याच्या खिशात. "घरात ऐकण्यासारखं असतं काय?" हे त्यांचं उत्तर. त्या दिवशी त्यांनी आपणहून डबी काढली, यंत्र कानात घातलं आणि गोळा हलवला.

"आत पेट्रोल शिरलंय," ते म्हणाले. "डुबुक वाजतंय. याला भोक पडलंय, म्हणून तो तरंगत नाही, बुडतो."

भोक शोधायला भूगोलाच्या मास्तरांनी गॅसवर धरायला सांगितलं. मी धरलाही असता. हिने धावत येऊन गॅस बंद केला आणि मास्तरांना चहा न देता परत पाठवलं. बाबांनी गरम पाणी मागितलं, त्यात गोळा बुडवला, आणि एका जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. "ती बघ!" बाबा ओरडले. ते ओरडलेले मी कितीतरी वर्षांत ऐकले नव्हते. आत गेलेलं पेट्रोल आम्ही झटकून काढलं, गोळा चांगला वाळू दिला आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून भोकावर डाग देऊन आणला. झाकणाखालची पुठ्ठ्याची पट्टी कुजली होती. बाबांनी तिच्या मापाने नवी कापली, हात जराही हलला नाही. पुठ्ठा कुठला वापरला म्हणाल, तर सेक्रेटरींनी दुसरी नोटीस चांगल्या जाड कागदावर पाठवली होती.

त्या दिवशी जेवताना मी फारच खुशीत होतो. टेबलाच्या अर्ध्या भागात ताटं, अर्ध्या भागात कार्ब्युरेटर. म्हटलं, "आता बघाच. गाडी चालू झाली की मी रोज ऑफिसला घेऊन जाणार. बसमध्ये चेंगरणं संपलं. आमच्या साहेबांच्या गाडीशेजारी लावतो."

"संध्याकाळी मला आईकडे जायला लागेल," ही म्हणाली. एवढ्या दिवसांत तिने पहिल्यांदाच प्रकल्पात रस घेतला होता.

"आणि मला क्लासला," लेक म्हणाली. "मागचे ते अंक काढून टाकू या. आणि ती उशी. कसली बुरसट दिसते!"

"सगळं काढू. आतून धुऊनच घेऊ," मी म्हणालो.

बाबा पाणी प्यायले, त्यांनी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि ते झोपायला गेले. वयच आहे, दमले असतील, असं मला वाटलं.

सकाळी अंड्यांच्या ट्रेमधला एक खण रिकामा.

गेला तो जेट. जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळी स्क्रू, त्याच्या मधोमध सुई जाईल न जाईल असं भोक. गाडीचं सगळं पेट्रोल मापात त्या भोकातून जातं. तो नसेल तर बाकी कार्ब्युरेटर म्हणजे पेपरवेट.

मग जे झालं त्याला शोध म्हणणं म्हणजे शोधाचा अपमान. हिने केरसुणीखालचा केर चाळला. लेकीने सोफा उलटा केला, त्यात तिचं हरवलेलं कानातलं, माझं पेन आणि आम्ही ज्यावरून मोलकरणीला दोष दिला होता तो चमचा सापडला. मोलकरणीने तो चमचा हातात घेऊन दिवसभर सगळ्यांना दाखवला. दाताच्या डॉक्टरांनी मला शांतपणे विचारलं, "गिळला तर नाहीत ना? लोक गिळतात." आणि ही येता-जाता म्हणत होती, "एवढंसं तर टेबल, त्यावर एक वस्तू सांभाळता येत नाही." माझा काही दोष नव्हता. पण घरात एखादी वस्तू हरवली की दोष आधी ठरतो, वस्तू मागाहून सापडते.

या सगळ्या गदारोळात बाबा मात्र गाडीत बसून शांतपणे पेपर वाचत होते. विशेष म्हणजे यंत्र कानात. जेवताना कानात, झोपेपर्यंत कानात. ही कौतुकाने म्हणाली सुद्धा, "कार्ब्युरेटरने एक बरं केलं, बाबा यंत्र घालायला लागले."

नवा जेट आणायला मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून आधी आतल्या माणसाला बाहेर बोलावलं आणि मला दाखवलं. मग म्हणाला, "मिळेल. नंबर काय?"

"माहीत नाही."

"जेटवर लिहिलेला असतो. जुना घेऊन या, त्याच्यावर बघून देतो."

"अहो, जुना हरवलाय म्हणून तर नवा पाहिजे."

"मग जुना सापडला की या," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अशा वेळी शेजारी कामाला येतात, हेच वाईट. दाताच्या डॉक्टरांनी एक पितळी स्क्रू घेतला, त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीच्या मुठीला धाग्याने बांधला आणि दातात भोक पाडायच्या यंत्राने त्यात भोक पाडलं. बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी दोघे तो आवाज ऐकून उठून गेले. "परफेक्ट!" डॉक्टर म्हणाले. भोक जरा मोठं झालं होतं, पण त्यांच्या धंद्यात भोक मोठं झालं तर वर काहीतरी भरता येतं, त्यामुळे त्यांना काळजी वाटली नाही.

शनिवारी मी सगळं जोडलं. बॅटरी डॉक्टरांचीच, त्यांच्या गाडीतून काढून आणलेली. बाबांना जरा वेळ बाहेर उभं राहायला सांगितलं आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, आणि मागून असा काळा ढग सोडला की मला आरशात माझी सोसायटी दिसेना. धूर विरला तेव्हा मागे दोरीवर सेक्रेटरींच्या बायकोने वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी होत्या. होत्या म्हणजे, चादरी होत्याच, पांढऱ्या नव्हत्या. गाडी तेवढं करून बंद पडली ती पुन्हा हूं की चूं नाही.

"धूर निघाला पाहिजे असा तुमचाच ठराव आहे," मी सेक्रेटरींना म्हणालो. एवढं बोलायची खरं तर वेळ नव्हती.

"उद्या सकाळी," ते दात-ओठ खात म्हणाले. "भंगारवाला ट्रक घेऊन येतोय."

आला. रविवारी सकाळी गेटमध्ये ट्रक उभा, सगळी सोसायटी गॅलऱ्यांतून वाकलेली, कमिटी पार्किंगमध्ये रांगेने उभी. मी किल्ली फिरवली. गाडीने एक लांब सुस्कारा सोडला आणि नुसता पेट्रोलचा वास सुटला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, "अजून एकदा," पण आवाजात दम नव्हता. सेक्रेटरींनी माझ्याकडे न बघता भंगारवाल्याला हात केला.

भंगारवाला माणूस सभ्य होता. त्याने मागच्या दारापाशी वाकून म्हटलं, "आजोबा, तुमचं सामान काढून घेता का?" माझ्या किल्लीच्या झटापटीत बाबा मागच्या सीटवर येऊन बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

ते उतरले. कंपाउंडरकाका दुसऱ्या दारातून उतरले, हातात थर्मास. बाबांनी आधी पंखा काढला आणि सुनेच्या हातात दिला. मग उशी. मग जुने अंक, एकेक गठ्ठा. मग कप्प्यातला चष्मा आणि तांबड्या पेन्सिलींचा जुडगा. तिच्या हातात सामान मावेना तशी लेक पुढे झाली आणि तिने ती बुरसट उशी छातीशी धरली. मी बॉनेटपाशी उभा होतो. दोन खोल्यांच्या घरात हे सगळं ठेवायचं कुठे, हा एकच विचार माझ्या डोक्यात येत होता, आणि खरंच कुठेही जागा नव्हती.

शेवटी बाबा माझ्याजवळ आले. खिशातून कानाच्या यंत्राची डबी काढली, उघडली. आत कापसावर तो पितळी जेट ठेवलेला होता.

"हा बसवून बघ," ते म्हणाले.

मी डबीकडे बघितलं, मग त्यांच्या कानातल्या यंत्राकडे. डबीत जागा नव्हती म्हणून ते यंत्र इतके दिवस कानात होतं, हे मला तेव्हा उमगलं.

"बाबा, अहो..." मी म्हणालो.

बाबा बॉनेटखाली वाकले, जणू मला काही दाखवताहेत. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बंद आहे तोवर माझी खोली आहे रे. चालू झाली की ती तुमची गाडी होणार. मला वाटलं, सेक्रेटरी नुसताच बोलतोय, खरं काही करणार नाही. आता ट्रकच आला. भंगारात जाण्यापेक्षा तू ऑफिसला ने. बसव."

डोळ्यांत पेट्रोल गेल्यासारखं झालं. मी झाकण उघडलं, डॉक्टरांचा स्क्रू काढला, जेट बसवला, आणि नोटिशीची पट्टी पुन्हा जागेवर दाबून झाकण लावलं. किल्ली बाबांच्या हातात दिली. "तुम्हीच घ्या."

ते पुढे बसले. शेजारी कंपाउंडरकाका, थर्मास मांडीवर. बाबांनी पेडल तळापर्यंत दाबून धरलं आणि किल्ली फिरवली. गाडीने दोन आचके दिले, आणि मग असा गुळगुळीत, खालच्या पट्टीतला आवाज लागला की गॅलऱ्या गप्प झाल्या. बाबांनी गियर टाकला आणि गाडी गेटपर्यंत गेली. भंगारवाल्याने आपणहून ट्रक बाजूला घेतला. गेटपाशी वळायचं होतं. बाबा वळले नाहीत, सरळ रस्त्यावर गेले. सेक्रेटरी माझ्याकडे बघू लागले, मी आभाळाकडे. बऱ्याच वेळाने दोघे परत आले तेव्हा कंपाउंडरकाका खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना हात हलवत होते. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे 'चालते वाहन, एक वर्षासाठी मान्य' असा शेरा मारला. बाबांनी तो वाचला आणि पेन्सिल काढली नाही.

संध्याकाळी सामान खाली नेऊन मी आणि लेकीने जिथल्या तिथे लावलं. ती म्हणाली, "क्लास काही लांब नाही, मी चालत जाते." हिने पंखा पुसून दिला. सगळे वर गेल्यावर मी बॉनेट उघडलं. हात आता सरावले होते. जेट काढला, रुमालाला पुसला आणि खिडकीतून बाबांपुढे धरला.

"हा तुमच्याकडेच असू द्या. पुढच्या वर्षी एक दिवस लागेल तेवढा."

त्यांनी डबी उघडून जेट आत ठेवला आणि डबी खिशात टाकली.

सोमवारी सकाळी बसस्टॉपवर सेक्रेटरींची गाडी माझ्यापाशी थांबली. "काय हो? एवढी चालू केलीत, आणि परत बस?"

"पार्ट मिळत नाही," मी म्हणालो.

"वाटलंच होतं मला," ते समाधानाने म्हणाले. "तुमच्याच्याने कुठलं जमतंय!" आणि काच वर करून निघून गेले. मी एरवी अशा वेळी घरी जाऊन दोन दिवस धुसफुसलो असतो. त्या दिवशी बसमध्ये उभ्याने जाताना मला चक्क बरं वाटत होतं.

आता संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी जिना चढत नाही. आधी गाडीचं मागचं दार उघडून आत बसतो. काका थर्मासचं झाकण भरून चहा मागे देतात. बाबा पेपरातून मान वर न करता विचारतात, "काय, आज काय झालं ऑफिसात?" मी सांगत बसतो. आणि डबीत जेट असल्यामुळे यंत्र कानातच असतं, त्यामुळे मी जे सांगतो ते सगळं त्यांना ऐकू येतं.